संपूर्ण घरासाठी जाहिरातरोधक : पाय-होल बसवण्यापासून रोज चालवण्यापर्यंत

संगणकाच्या ब्राउझरमध्ये जाहिराती रोखणारे एक्स्टेंशन बसवता येते. बैठकीच्या खोलीतील स्मार्ट टीव्हीवर, आजोबांच्या टॅबलेटमधील बातम्यांच्या ॲपमध्ये किंवा मुलांच्या मोबाइलवरील खेळात मात्र ते बसवता येत नाही, आणि जाहिरातींचा सर्वाधिक उपद्रव नेमका तिथेच असतो. ही सर्व उपकरणे ज्या एका वाटेने इंटरनेटवर जातात त्या वाटेवरच जाहिरातींचे पत्ते अडवले, तर प्रत्येक उपकरणाला वेगळे हात लावण्याची गरज उरत नाही. हे काम करणाऱ्या मोफत प्रणालींपैकी पाय-होल ही सर्वांत परिचित आहे. ती २०१४ पासून विकसित होत आली असून तिची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली.

या लेखात सांगली-मिरजेकडील एक सर्वसाधारण घर गृहीत धरले आहे. त्या घरात केबलवाल्याकडून घेतलेली फायबर जोडणी आहे, त्यानेच लावून दिलेला वायफायचा डबा (राउटर) आहे, वीज अधूनमधून जाते आणि या विषयाची जाण असलेला घरात एकच माणूस आहे. प्रणाली बसवण्यास एखादी दुपार पुरते. खरी मेहनत नंतरच्या दोन गोष्टींत आहे : घरातील प्रत्येक उपकरण खरोखरच तिच्यामार्फत जाते की नाही हे पाहणे, आणि तो जाणकार माणूस घरी नसताना इतरांचे काम अडणार नाही अशी सोय करून ठेवणे. म्हणून लेखाचा मोठा भाग या दोन गोष्टींनाच दिला आहे.

काय अडते आणि काय अडत नाही

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा उपकरण आधी डीएनएस सर्व्हरला विचारते, की या नावाचा आकडी पत्ता कोणता. बातमीचे एक पान उघडले की अशी एकच विचारणा होत नाही. त्या पानात जाहिराती पुरवणाऱ्या आणि वाचकाचा माग ठेवणाऱ्या कंपन्यांच्या नावांसाठी आणखी कित्येक विचारणा पाठोपाठ होतात. पाय-होल हा घरातला आपला स्वतःचा डीएनएस सर्व्हर असतो. विचारलेले नाव त्याच्याजवळच्या यादीत असेल तर तो ०.०.०.० हे निरुपयोगी उत्तर देतो, आणि नसेल तर बाहेरच्या डीएनएस सर्व्हरकडून खरे उत्तर आणून देतो. जाहिरात उतरवून घेऊन लपवली जात नाही, ती मुळात उतरतच नाही. त्यामुळे पान लवकर उघडते आणि डेटाही वाचतो.

या पद्धतीची मर्यादाही यातच आहे. पाय-होलला फक्त नाव दिसते, पानातील मजकूर दिसत नाही. यूट्यूबच्या जाहिराती ज्या नावांवरून येतात त्याच नावांवरून मूळ चित्रफितीही येतात, त्यामुळे एक अडवली की दुसरीही अडते. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरील प्रायोजित मजकुराचे तसेच आहे, आणि क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात मिसळून येणाऱ्या जाहिरातींचेही. यूट्यूबच्या जाहिराती बंद व्हाव्यात एवढ्यासाठीच कोणी हा खटाटोप करणार असेल, तर त्याने तो करू नये. बातम्यांची संकेतस्थळे, मोफत खेळ, हवामान, पंचांग आणि बाजारभावाची ॲप, स्मार्ट टीव्हीच्या मुखपृष्ठावरील पट्ट्या आणि टीव्हीने गुपचूप पाठवलेली माहिती यांवर मात्र परिणाम ठळक दिसतो. झटपट कर्ज, घरबसल्या नोकरी किंवा दुप्पट परतावा यांचे आमिष दाखवणाऱ्या जाहिराती घरातील ज्येष्ठांपर्यंत कमी पोचतात, हा माझ्या मते याचा सर्वांत मोठा लाभ आहे.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. आपल्या आवडत्या स्थानिक वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर जाहिराती दिसू द्याव्यात आणि इतरत्र रोखाव्यात, अशी निवड या पद्धतीत करता येत नाही. जाहिरात पुरवणारी नावे सगळीकडे तीच असतात आणि विचारणा कोणत्या पानावरून आली हे पाय-होलला कळत नाही. त्या वृत्तपत्राचे नुकसान होऊ नये असे वाटत असेल, तर त्याच्या ई-पेपरची वर्गणी भरणे हा सरळ मार्ग आहे.

यंत्र कोणते घ्यावे

पाय-होलला शक्तिशाली यंत्र लागत नाही, पण ते दिवसरात्र चालू राहावे लागते. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा ५१२ एमबी मेमरीचा छोटा संगणक घरापुरता पुरेसा आहे. त्याला सरासरी २ वॅट वीज लागते असे धरले, तरी महिन्याचा खर्च दीड युनिटच्या आत राहतो. माळ्यावर पडलेला जुना डेस्कटॉप वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो ५० वॅटने अखंड चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात, म्हणजे वर्षभरात फुकटचा संगणक महागात पडतो. जुना लॅपटॉप मात्र विचारात घेण्यासारखा आहे : तो १० ते १५ वॅटमध्ये भागवतो, आणि त्याची बॅटरी तासभर जरी टिकत असली तरी वीज गेल्यावर तीच यूपीएसचे काम करते.

झीरो २ डब्ल्यूला नेटवर्क केबलची खाच नसते, तो २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतो. डीएनएसचे सर्व काम वायफायच्या भरवशावर सोपवणे मला पसंत नाही. वीज परत आल्यावर डबा आणि रास्पबेरी पाय (यापुढे नुसता ‘पाय’) एकाच वेळी सुरू होतात, डब्याचे वायफाय उशिरा उठते आणि काही वेळ घरात काहीच उघडत नाही. यूएसबीवर लागणारा नेटवर्क ॲडॉप्टर घ्यावा, नाहीतर केबलची खाच असलेला रास्पबेरी पाय ३ किंवा ४ घ्यावा. वीजपुरवठ्यासाठी मोबाइलचा जुना चार्जर वापरू नये. झीरो २ डब्ल्यूला ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा आणि पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर लागतो. कमी दाबामुळे होणारे बिघाड फार चकवतात. मेमरी कार्ड १६ किंवा ३२ जीबीचे, नावाजलेल्या कंपनीचे असावे.

काहीच विकत घ्यायचे नसेल तर ॲडगार्डचे सार्वजनिक डीएनएस पत्ते, ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५, राउटरमध्ये भरूनही जाहिरातींचा बराचसा भाग थांबतो. त्यात स्वतःच्या याद्या, अपवाद आणि नोंदी मिळत नाहीत, आणि घरातील प्रत्येक विचारणा बाहेरच्या कंपनीकडे जाते. तरीही, पुढचे सगळे वाचून ज्यांना हे आपल्याच्याने निभणार नाही असे वाटेल, त्यांनी एवढेच करून थांबण्यास हरकत नाही.

पायवर प्रणाली चढवणे

हा भाग वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. रास्पबेरी पायच्या अधिकृत संकेतस्थळावरून इमेजर हा प्रोग्राम नेहमीच्या संगणकावर उतरवून घ्यावा आणि कार्डवर रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती लिहावी. लिहिण्यापूर्वी इमेजर सेटिंग विचारतो. तिथेच यंत्राचे नाव, वापरकर्त्याचे नाव, पक्का पासवर्ड, भारताची वेळ आणि एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय, सुरू ठेवण्याचा पर्याय भरून टाकावा. म्हणजे पायला स्क्रीन किंवा कीबोर्ड जोडण्याची गरज पडत नाही. कार्ड घालून, पाय केबलने डब्याला जोडून सुरू केला, की काही मिनिटांत तो डब्याच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दिसू लागतो.

पुढे जाण्यापूर्वी त्याचा पत्ता कायमचा ठरवून घ्यावा. डबा प्रत्येक उपकरणाला तात्पुरता पत्ता देतो आणि तो कधीही बदलू शकतो, तर डीएनएस सर्व्हरचा पत्ता बदलणे म्हणजे घराचे इंटरनेट बंद पडणे होय. डब्याच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या, विभागात पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. तिथे पायचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीचा ओळखक्रमांक, निवडून त्याला १९२.१६८.१.१० असा एखादा आयपी पत्ता नेमून द्यावा. येथे सर्व पत्ते मराठी अंकांत छापले असले तरी उपकरणात भरताना ते इंग्रजी अंकांतच भरावेत. आपल्या डब्याचा पत्ता १९२.१६८.२९.१ किंवा अन्य काही असेल तर पायचा पत्ताही त्याच मालिकेतला असला पाहिजे. नेमणूक झाल्यावर पाय एकदा बंद-चालू करून नवा पत्ता त्याने घेतला आहे याची खात्री करावी.

यानंतर विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीतून एसएसएचने पायमध्ये प्रवेश करून आधी सर्व पॅकेज अद्ययावत करावीत, आणि मग पाय-होलच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेली बसवणुकीची एका ओळीची आज्ञा जशीच्या तशी उतरवून चालवावी. ती आज्ञा कोणाच्या व्हॉट्सॲप संदेशातून किंवा चित्रफितीखालील मजकुरातून घेऊ नये, कारण तिला पूर्ण यंत्राचे अधिकार मिळतात. बसवणूक होताना निळ्या पडद्यावर काही प्रश्न विचारले जातात. वरचा डीएनएस कोणता, या प्रश्नाला क्वाड-नाइन म्हणजे ९.९.९.९ हे उत्तर घरासाठी चांगले, कारण तो घातक संकेतस्थळांची नावे स्वतःच नाकारतो. वेगाला प्राधान्य असेल तर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ निवडावा. आपल्या डब्याचाच पत्ता मात्र येथे देऊ नये. पुढे डबा पायला विचारेल, पाय डब्याला विचारेल आणि विचारणा गोल फिरत राहतील. स्टीव्हन ब्लॅक यांनी जमवलेली, अडवायच्या नावांची यादी घ्यायची का, याला होकार द्यावा. नोंदी ठेवण्याच्या प्रश्नाला तूर्त होकार द्यावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे. शेवटी पडद्यावर व्यवस्थापन पानाचा पासवर्ड येतो. तो तिथेच लिहून घ्यावा.

आता ब्राउझरमध्ये पायचा पत्ता आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत admin लिहिले, की पाय-होलचे पान उघडते. या टप्प्यावर घरातील एकही उपकरण अजून त्याच्याकडे वळलेले नसते आणि कोणाचेही काही बिघडलेले नसते. म्हणून आधी आपल्या एकट्याच्या लॅपटॉपमध्ये डीएनएस म्हणून पायचा पत्ता भरावा, दोन-तीन दिवस नेहमीची कामे करून पाहावीत आणि मगच सगळ्या घराला त्यात घ्यावे.

डब्याशी गाठ

बहुतेकांची गाडी येथे अडते. केबलवाल्याने दिलेल्या डब्याचा पूर्ण अधिकाराचा पासवर्ड अनेकदा ग्राहकाला दिलेला नसतो. जो मिळतो त्याने वायफायचे नाव आणि पासवर्ड एवढेच बदलता येते. अशा वेळी डब्याचे रीसेटचे छिद्र टाचणीने दाबण्याचा सल्ला कोणी देईल, तो मुळीच ऐकू नये. रीसेट केल्यावर जोडणीचे वापरकर्ता नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक (जोडणीसाठी कंपनीने ठरवलेला आकडा) पुसला जातो आणि केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत घर बंद पडते. त्याऐवजी त्याला फोन करून, लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) डीएचसीपीमधला डीएनएस बदलायचा आहे एवढेच स्पष्ट शब्दांत सांगावे. बहुतेक जण करून देतात. काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा.

डब्यात डीएनएस दोन ठिकाणी भरता येतो, आणि येथे गोंधळ हमखास होतो. वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) विभागातील डीएनएस हा डब्याने स्वतः कोणाला विचारावे यासाठी असतो. लॅन किंवा डीएचसीपी विभागातील डीएनएस हा घरातील उपकरणांना सांगितला जातो. पायचा पत्ता दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे लॅन विभागात भरावा. वॅनमध्ये भरला तरी जाहिराती थांबतात, पण मग सर्व विचारणा एकट्या डब्याच्या नावावर नोंदल्या जातात, कोणत्या उपकरणाने काय विचारले ते कळत नाही आणि एखाद्या उपकरणापुरती सूटही देता येत नाही. शिवाय एका उपकरणाने एका मिनिटात १,००० पेक्षा जास्त विचारणा केल्यास पाय-होल मूळ सेटिंगनुसार त्याला काही काळ नकार देतो. सगळे घर डब्याच्या नावाने विचारू लागले तर ही मर्यादा कधीतरी ओलांडली जाते.

दुसऱ्या डीएनएसच्या रकान्यात, पाय बंद पडला तर उपयोगी येईल म्हणून, गूगलचा सार्वजनिक डीएनएस ८.८.८.८ भरून ठेवण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. पहिला बंद पडल्यावरच दुसऱ्याकडे जायचे असे बंधन उपकरणांवर नसते. ती दोघांनाही विचारतात, आणि मग जाहिराती कधी दिसतात, कधी दिसत नाहीत आणि कारण सापडत नाही. दुसरा रकाना रिकामा ठेवावा. डबा रिकामा रकाना स्वीकारत नसेल तर तिथेही पायचाच पत्ता भरून पाहावा.

डब्यात लॅनचा डीएनएस बदलण्याची सोयच नसेल तर दोन मार्ग उरतात. डब्याचा डीएचसीपी बंद करून पाय-होलचा डीएचसीपी सुरू करणे हा पहिला. एका घरात दोन डीएचसीपी कधीही एकत्र चालू ठेवू नयेत. दुसरा आणि माझ्या मते अधिक टिकाऊ मार्ग म्हणजे स्वतःचा राउटर विकत घेऊन तो डब्याच्या पुढे जोडणे. केबलवाला तयार असेल तर डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नुसता जोडणी पुढे देणारा करून, पीपीपीओईचे (इंटरनेट जोडणीत प्रवेशाचे) नाव व पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावे. तो तयार नसेल तर डब्याच्या लॅन खाचेतून आपल्या राउटरच्या वॅन खाचेत केबल द्यावी, डब्याचे वायफाय बंद करावे आणि पायसह सर्व उपकरणे आपल्या राउटरवर घ्यावीत. नवा राउटर पत्त्यांची वेगळी मालिका वापरणार असल्याने पायला त्या मालिकेतला पत्ता नव्याने राखून द्यावा लागतो. स्वतःचा राउटर असला की केबलवाला बदलला तरी घरातील मांडणी बदलत नाही, हा फायदा वेगळाच.

बदल केल्यानंतर उपकरणे जुना डीएनएस काही तास धरून राहतात. प्रत्येकाचे वायफाय एकदा बंद-चालू करावे.

पळवाटा शोधणे

सर्व नीट भरूनही काही उपकरणे पाय-होलला बगल देतात. सर्वांत मोठी पळवाट आयपीव्ही ६, म्हणजे जुन्या आयपीव्ही ४ शेजारी चालणाऱ्या नव्या पत्तापद्धतीची आहे. आपल्याकडील मोठ्या कंपन्यांच्या जोडण्यांवर आयपीव्ही ६ सरसकट चालू असते, आणि डबा उपकरणांना आयपीव्ही ४ मध्ये पायचा पत्ता सांगत असतानाच आयपीव्ही ६ मध्ये कंपनीचा डीएनएस सांगत राहतो. विंडोजवर जोडणीचा तपशील पाहिला की डीएनएसच्या यादीत आकडे आणि अक्षरे मिसळलेला लांबलचक पत्ता दिसतो. तो पायचा नसेल तर पळवाट उघडी आहे. डब्याच्या लॅन विभागात आयपीव्ही ६ चा डीएनएस म्हणून पायचा स्थानिक आयपीव्ही ६ पत्ता भरणे हा योग्य उपाय. ती सोय नसेल तर लॅनवरील आयपीव्ही ६ बंद करावे. सर्वसाधारण घरात त्याने काही अडत नाही.

अँड्रॉइड ९ पासून मोबाइलमध्ये प्रायव्हेट डीएनएस हे सेटिंग आले आहे. ते स्वयंचलित असेल तर अडचण नाही, पण तिथे एखाद्या सेवेचे नाव लिहिलेले असेल तर तो मोबाइल पाय-होलला विचारतच नाही. क्रोममधील सुरक्षित डीएनएसचे तसेच आहे. तिथे वेगळी सेवा निवडलेली नसावी. फायरफॉक्सने आपणहून बाहेरचा डीएनएस सुरू करू नये आणि आयफोनची, विचारणा ॲपलमार्फत नेणारी प्रायव्हेट रिले ही सोय चालू होऊ नये, यासाठी लागणारी उत्तरे पाय-होल मूळ सेटिंगमध्येच देतो. व्हीपीएन चालू असलेला मोबाइल साहजिकच बाहेर राहतो. काही टीव्ही आणि टीव्हीला लावायच्या काड्या ८.८.८.८ हाच पत्ता पोटात घेऊन येतात आणि डब्याने काय सांगितले याची पर्वा करत नाहीत. अशा विचारणा वळवण्याची सोय फक्त चांगल्या राउटरमध्ये असते. ती नसेल तर तेवढ्या उपकरणापुरती हार मानावी. एका टीव्हीसाठी सगळी रचना गुंतागुंतीची करू नये.

खात्री करण्याची रीत साधी आहे. पाय-होलच्या पानावर विचारणांची नोंदवही उघडून ठेवावी, घरातील एकेक उपकरण हातात घेऊन त्यावर काहीतरी उघडावे आणि त्याची ओळ नोंदवहीत येते का ते पाहावे. जे उपकरण चालू असून नोंदवहीत दिसत नाही, ते दुसऱ्या वाटेने जात आहे. ओळख पटलेल्या प्रत्येक पत्त्यापुढे लगेच नाव लिहून टाकावे, जसे बैठकीचा टीव्ही, आईचा मोबाइल किंवा माडीवरचा लॅपटॉप. पुढच्या सर्व शोधकामात याचा उपयोग होतो. आधुनिक मोबाइल प्रत्येक वायफायसाठी वेगळा मॅक पत्ता वापरतात. नावे टिकावीत असे वाटत असेल तर घरच्या वायफायपुरता हा पर्याय बंद करावा.

याद्या आणि अपवाद

नवशिक्याचा हात येथे हमखास सैल सुटतो. दहा-पंधरा याद्या जोडून अडवलेल्या नावांचा आकडा काही लाखांवर गेला की समाधान वाटते, आणि आठवड्याच्या आत गॅसचे बुकिंग, बँकेचे ॲप किंवा मुलांच्या शाळेचे ॲप बंद पडते. स्टीव्हन ब्लॅक यांच्या मूळ यादीवर पंधरा दिवस घर चालवावे. त्यानंतर अधिक हवे असेल तर ओआयएसडी ही यादी जोडावी. नेहमीचे काही मोडू नये हेच तिचे घोषित धोरण आहे. हागेझी यांच्या याद्या सौम्य ते कडक अशा पायऱ्यांत मिळतात, त्यांतील सौम्य किंवा मध्यम पायरी घरासाठी पुरते. नवी यादी जोडल्यावर टूल्स विभागातील अपडेट ग्रॅव्हिटी हे बटण दाबेपर्यंत ती लागू होत नाही. एरवी याद्या आठवड्यातून एकदा आपोआप ताज्या होतात.

एखादे ॲप अडले की आधी पाय-होल पाच मिनिटांसाठी थांबवून पाहावे. तरीही ते अडलेलेच असेल तर दोष दुसरीकडे आहे. थांबवल्यावर चालत असेल तर नोंदवहीत फक्त त्या मोबाइलच्या ओळी निवडून घ्याव्यात, ॲप पुन्हा उघडावे आणि त्याच क्षणी अडलेली नावे पाहावीत. ती चार-पाच असतात. एकेक करून परवानगी द्यावी आणि दर वेळी मोबाइलचे वायफाय बंद-चालू करून तपासावे, कारण आधीचे उत्तर मोबाइल काही काळ लक्षात ठेवतो. सगळी नावे एकदम मोकळी केली तर काम होते, पण कोणत्या नावाने झाले हे कधीच कळत नाही. गूगलवर शोधल्यावर सर्वांत वर येणाऱ्या प्रायोजित दुव्यांवर बोट ठेवले की पान उघडत नाही, ही तक्रार प्रत्येक घरात येते. तो बिघाड नसून पाय-होल त्याचे कामच करत असतो. खालचा साधा दुवा उघडावा असे घरात सांगावे, आणि कोणाला ते जमत नसेल तर गूगलॲडसर्व्हिसेस डॉट कॉम या नावाला त्या एका व्यक्तीच्या मोबाइलपुरती परवानगी द्यावी. त्यासाठी पाय-होलमध्ये गट करता येतात.

गटांचा आणखी एक उपयोग आहे. घरातून नोकरी करणाऱ्याचा कंपनीचा लॅपटॉप सुरुवातीपासूनच काहीही न अडवणाऱ्या गटात टाकावा. पुण्याच्या कार्यालयातील बैठकीत आपला आवाज का जात नाही, याचा शोध पाय-होलपर्यंत येऊ नये.

वीज, घड्याळ आणि पूर

वीज अचानक गेल्याने मेमरी कार्ड खराब होणे हा पायचा जुना आजार आहे. घराला इन्व्हर्टर असेल तर डबा आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरच्या ओळीवर घ्यावेत. नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा, पण तो निवडताना त्याला १२ व्होल्टबरोबर ५ व्होल्टचीही खाच आहे आणि ती पायला पुरेसा अँपिअर देते हे पाहावे. पाय-होलच्या सेटिंगमधील टेलिपोर्टर या सोयीने सर्व याद्या, अपवाद आणि नावे एका फाइलमध्ये उतरवता येतात. ती फाइल लॅपटॉपवर असली की कार्ड गेल्यावर नवे कार्ड तयार करण्यास तासभरही लागत नाही.

घड्याळाचा पेच फारसा कोणी सांगत नाही. पाय ४ पर्यंतच्या यंत्रांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, आणि पाय ५ मध्ये असले तरी त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. वीज बराच वेळ गेली की पाय जुनी वेळ धरूनच जागा होतो. योग्य वेळ घेण्यासाठी त्याला वेळेच्या सर्व्हरचे नाव विचारावे लागते. पण पाय-होलमध्ये डीएनएसएसईसी ही, डीएनएसचे उत्तर अस्सल आहे का याची पडताळणी चालू असेल तर चुकीच्या वेळेमुळे तारखा जुळत नाहीत, उत्तर नाकारले जाते आणि वेळ चुकीचीच राहते. वीज परत येऊनही इंटरनेट येत नाही असे घडत असेल तर हे कारण आधी तपासावे. क्वाड-नाइन ही पडताळणी स्वतः करत असल्याने पायवरची बंद ठेवली तरी चालते.

गावभाग, सांगलीवाडी किंवा मारुती चौकाच्या परिसरात तळमजल्यावर घर असणाऱ्यांना २०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला कृष्णेचा महापूर आठवत असेल. डबा, पाय आणि इन्व्हर्टर माडीवर किंवा निदान भिंतीवर उंच असावेत. आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी पाहण्यासाठी सगळे घर मोबाइलला चिकटते, त्या रात्री हीच तीन यंत्रे चालू राहावी लागतात.

घरातल्या इतरांसाठी

पाय-होल बसवणाऱ्याला घरातील प्रत्येकाने कोणत्या वेळी कोणते संकेतस्थळ विचारले ते दिसते. मुलगी रात्री कोणत्या आजाराविषयी वाचते किंवा भाऊ कोणत्या नोकरीच्या शोधात आहे, हे जाहिराती रोखण्यासाठी माहीत असण्याचे कारण नाही. अपवाद शोधण्याचा पहिला महिना संपला की सेटिंगमधील गोपनीयतेची पातळी वाढवावी, म्हणजे विचारणांमागची नावे झाकली जातात, आणि नोंदी साठवण्याची मुदत काही दिवसांवर आणावी. नोंदी ठेवल्या जात आहेत हे पहिल्याच दिवशी घरात सांगावे.

पाय-होल बाहेरून पाहता यावा म्हणून राउटरमध्ये ५३ क्रमांकाचे पोर्ट उघडू नये. असा उघडा डीएनएस सर्व्हर इतरांवर हल्ला करण्यासाठी वापरला जातो. मोबाइल डेटावर असतानाही जाहिराती नको असतील तर मोबाइलच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये ॲडगार्डचे नाव भरण्याचा सोपा पर्याय आहे. फक्त तो मोबाइल मग घरीही पाय-होलकडे येणार नाही.

डब्याशेजारी एक कागद चिकटवून ठेवावा. त्यावर पहिली ओळ अशी असावी, की काही उघडत नसेल तर या पानावर जाऊन पाच मिनिटे थांबवा हे बटण दाबा. त्याखाली पानाचा पत्ता आणि पासवर्ड असावा. घरातल्या घरात तो लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या ओळीत, तरीही उघडत नसेल तर पायचा दिवा लागलेला आहे का ते पाहून एकदाच बंद-चालू करण्याची सूचना असावी. तिसऱ्या ओळीत पाय पूर्ण बंद पडल्यास डब्याच्या कोणत्या पानावर, कोणत्या रकान्यात पायच्या पत्त्याऐवजी ९.९.९.९ लिहायचे ते सविस्तर असावे, आणि सोबत त्या पानाचा आधी काढून ठेवलेला फोटो छापून जोडावा. पाय-होल स्वतः डीएचसीपी चालवत असेल तर या ओळीत डब्याचा डीएचसीपी पुन्हा सुरू करण्याचेही लिहावे. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी घरातील दुसऱ्या कोणाकडून तरी ही तिसरी ओळ आपल्यासमोर एकदा करून घ्यावी आणि मग पायचा पत्ता पूर्ववत भरावा. घरात तसे करणारे कोणीच नसेल तर तेवढ्या दिवसांपुरता डब्यात थेट ९.९.९.९ ठेवून जावे.